कुत्र्याशी कुठल्या भाषेत बोलता?

"लहानपणाचं झालं लिहून, आता तरुणपणाचं लिहा," असं आमची सून म्हणाली, तेव्हा मी तिला विचारलं, कुठलं तरुणपण गं? संगमेश्वराकडून लग्न होऊन आले ती सरळ भाईंदरला स्टोव्हसमोर बसले. घरात सासू, दोन दीर, एक नणंद. नळाला पाणी येईल तेव्हा उठायचं आणि सगळ्यांचं आवरलं की झोपायचं, त्यात तरुणपण कुठल्या डब्यात ठेवलं होतं ते मला आजतागायत आठवत नाही. माझं तरुणपण आलं ते गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर. खरंच सांगते. नवा गुडघा, सक्तीची विश्रांती, स्वयंपाक सुनेच्या हातात, आणि मी मीरा रोडला पूनम सागरमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पाय लांब करून बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी हाक मारत नव्हतं. तेव्हा मला इंग्रजीचा नाद लागला. तरुण मुलींना कसले कसले नाद लागतात, तसाच. म्हणून हे प्रकरण तरुणपणाचं समजून वाचा. केस पांढरे होते, एवढंच.

शिकले कशी, तर गुडघ्याच्या गोळ्यांसोबत जो घडी घातलेला कागद येतो ना, तो वाचून. आधी एक शब्द कळेना. नातवाच्या जुन्या पुस्तकांवरून अक्षर अक्षर लावलं. चक्कर, मळमळ, अंगावर पुरळ हे शब्द मला 'कॅट' आणि 'मॅट'च्या आधी आले. मग बोलायचं कोणाशी? घरात कोणाला वेळ नाही. पण कर्ज पाहिजे का, क्रेडिट कार्ड पाहिजे का, असे फोन येतात ना, ते सगळे जण कापतात, मी कापायची नाही. मी बोलत बसायची. एक मुलगी तर बोलता बोलता कार्ड विकायचं विसरली आणि तिच्या आईच्या संधिवाताचं सांगायला लागली. मी तिला इंग्रजीतून निर्गुंडीचा पाला सांगितला. आमचे हे बाल्कनीतून पेपराच्या आडून म्हणाले, "काय गो, बँक लुबाडायचा विचार आहे काय?"

तर अशी माझी ख्याती पसरली आणि बायका यायला लागल्या. काकू, आम्हाला पण शिकवा. आमच्या हॉलमध्येच क्लास सुरू झाला. कपाटाला टेकवून फळा, सोफ्यावर जाड बायका, खाली चटईवर बारीक बायका. आवाजाचं काही विचारू नका. खाली पार्किंगमध्ये गाड्या मागे घेताना वाजणारी ती गाणी, शेजारचा मिक्सर, भंगारवाला, आणि आमच्या कुकरची शिट्टी. शिट्टी झाली की सगळ्या जणी बोलता बोलता थांबून ती मनात मोजायच्या आणि मग पुढचं इंग्रजी वाक्य. डब्याशिवाय कोणी यायचं नाही. भाईंदरकडच्या डोंगरीहून बस पकडून हिरा यायची, कोळ्यांची, मीरा रोडच्या बाजारात मासे विकते. ती सुक्या बोंबलाची चटणी आणायची. जिग्नाबेन समोरच्या विंगमधली, ती थेपले आणि छुंदा. हिराचा डबा उघडला की जिग्नाबेन पदर नाकाला लावून खिडकीशी जाऊन बसायची, पण उठून कधी गेली नाही. मध्ये मी घावणे ठेवायची. घावणे दोन्ही बाजूंना चालतात. माझी सगळी शिकवण्याची पद्धत म्हणाल तर हीच.

आणि वनिता. तिच्यासाठीच तर हे सगळं लिहायला घेतलंय. पेणकरपाड्यात राहायची, मूळची महाडकडची, चाळिशीच्या आतली, शिडशिडीत. एका इंग्लिश मीडियमच्या बालवाडीत मावशी होती. म्हणजे पोरांना शी-शूला न्यायचं, डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची. तिथल्या हेडबाईंनी फर्मान काढलं होतं की जूनपासून शाळेच्या दारातून आत आलं की इंग्रजीच, मग ती मावशी का असेना. सर्टिफिकेट आणा नाहीतर दुसरं काम बघा. नवरा रिक्षा चालवायचा, त्याच्या पाठीचं दुखणं निघालेलं, घर हिच्या पगारावर. आणि ही बाई माझ्या क्लासमध्ये तोंडच उघडायची नाही. वही सुरेख. अक्षर मोत्यासारखं. लिहून सगळं बरोबर. पण उभं केलं की गप्प. माय नेम इज एवढं म्हणायची, आणि स्वतःचं नाव सांगायच्या आधी खाली बसायची. हिरा म्हणायची, "अगे, नाव तरी सांग, पोलिसांनी पकडलेली न्हाय तुला!" त्यावर वनिता हसायची आणि आणखी खाली बघायची.

सर्टिफिकेट देणारी एक संस्था होती. त्यांच्याकडून तन्वी नावाची मुलगी यायची, केस एका बाजूने कापलेले, गोड पोर. एक दिवस तिने जाहीर केलं की यंदा बॅचला प्रोजेक्ट करायचा आहे. क्लासरूम रिसर्च प्रोजेक्ट. विद्यार्थिनींनी आपला आपण एक प्रश्न शोधायचा, लोकांमध्ये जाऊन माहिती गोळा करायची, काय सापडलं ते इंग्रजीत सगळ्यांसमोर मांडायचं. प्रत्येकीने बोललंच पाहिजे. जी बोलणार नाही तिला सर्टिफिकेट नाही. "आणि काकू, तुम्ही गाईड," ती मला म्हणाली. मी म्हटलं, बाळा, मी गुडघ्याच्या कागदावरून शिकले, मी कसली गाईड? ती म्हणाली, "तुम्ही फक्त त्यांना उत्तर सांगायचं नाही. बस. तेच गाईडचं काम." हे मला फार आवडलं, कारण उत्तर मला माहीतच नव्हतं.

मी वनिताकडे बघितलं. ती चटईची काडी उपसत होती.

प्रश्न ठरवायला आमचे दोन क्लास गेले. जिग्नाबेनला शोधायचं होतं की कामवाली सोमवारीच का बुडी मारते. हिरा म्हणाली, सुरमई महाग झाली तरी लोक सुरमईच का मागतात, बांगड्याने काय वाईट केलंय. मी म्हटलं, इंग्रजीच्या क्लासचा प्रोजेक्ट आहे, भाषेचं काहीतरी पाहिजे. तेवढ्यात खालून आवाज आला, "ब्रूनो! नो! कम हिअर! सिट! सिट, आय से!" हे पहिल्या मजल्यावरचे शांतिभाई. नाक्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. ब्रूनो त्यांचा लॅब्रेडॉर, बैलाएवढा आणि गाईसारखा गरीब. त्याच दमात शांतिभाई वॉचमनवर हिंदीत ओरडले आणि फोनवर गुजरातीत कोणाला तरी खिळ्यांचा भाव सांगायला लागले.

हिरा म्हणाली, "याला एवढा इंग्लिस येतो तं हा वर क्लासला कशाला न्हाय येत?"

"इतनाच आता है," जिग्नाबेन म्हणाली. "कुत्ते के लिए सीखा. मारी साथे तो कोई दिवस इंग्लिश नथी बोल्या."

आणि मग एकेकीला आठवायला लागलं. आमच्या विंगमधल्या सावंतीण, घरात मालवणी, पण पामेरियनला 'डोन्ट जम्प'. वॉचमनसुद्धा सोसायटीतल्या कुत्र्याला 'गो गो' म्हणतो आणि रस्त्यावरच्याला 'भाग साला'. मी खडूच हातात घेतला आणि फळ्यावर लिहिलं. लोक कुत्र्याशी कुठल्या भाषेत बोलतात, आणि का? बाल्कनीतून हे म्हणाले, "शाबास. आता हेच राहिलं होतं." पण मी प्रश्नाखाली दोन रेघा मारल्या. मला प्रश्न सापडला होता हो! आयुष्यभर मला प्रश्न दुसऱ्यांनीच घातले, भाजी काय करू हा सोडून.

आता चूक काय झाली ते सांगते. ती आमच्या इथेच होऊ शकते. त्या दिवसांत आमच्याकडे भाषेवरून वातावरण तापलेलं होतं. कोण दुकानात कुठल्या भाषेत बोललं यावरून बाचाबाची, त्याचे व्हिडिओ, त्यावर आणखी बाचाबाची. आणि अशा दिवसांत आम्ही सात-आठ बायका, बहुतेक जणी मराठी वळणाच्या साड्या नेसून, हातात पॅड आणि पेन घेऊन, संध्याकाळी गार्डनमध्ये शिरलो आणि एकेका कुत्रेवाल्याला गाठून विचारायला लागलो, "आप कौन सी भाषा में बात करते हैं?" पुढचं 'कुत्ते से' ऐकायच्या आत माणसाचा चेहरा उतरायचा.

"मराठी!" पहिला म्हणाला. नाव विचारलं तर बिहारचा. दुसरी बाई म्हणाली, "ओन्ली मराठी, ऑल्वेज मराठी." तिसरा पंजाबी, सहा फूट उंच, त्याने आपल्या अल्सेशियनकडे बघून म्हटलं, "हा ना, आमचा शेरू फक्त मराठी." शेरूने त्याच्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. एका बाईने आम्हाला लांबूनच बघितलं आणि आपला पग कोथिंबिरीच्या पिशवीत घातला. आम्ही लिहून घेत गेलो. सगळ्यांची उत्तरं एकच. हिरा खूश. "बघा काकी, सगले मराठीतच बोलतात. संपला प्रोजेक्ट." मी म्हटलं, अगं बये, समोर तो कुत्र्याला इंग्रजीत 'हील, हील' करत चाललाय बघ!

शेवटी शांतिभाई. ते आम्हाला बघून बाकावरून उभे राहिले. जिग्नाबेनने विचारलं, गुजरातीतून विचारलं, तरी उत्तर मराठीत. "आमी तर मराठीच बोलते. हमेशा. ब्रूनो, बस! बस रे बाला!" ब्रूनो उभाच. शेपूट हलवतोय. शांतिभाईंच्या कपाळावर घाम. "खाली बस ना रे, बाला! अरे, बस की!" ब्रूनो त्यांचा तळवा चाटायला लागला. मागून कोणाचं तरी पोर ओरडलं, "सिट!" आणि ब्रूनो खाडकन बसला. शांतिभाईंचा चेहरा परीक्षेत कॉपी पकडल्यासारखा झाला. मला तेव्हा हसू आलं. सगळ्या हसल्या. वनिता मात्र हसली नव्हती, हे मला आज आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होता. काही महिला कुत्र्यांच्या भाषेची तपासणी करत आहेत, सर्वांनी आपापल्या कुत्र्यांना किमान मराठी शिकवून ठेवावी. खाली कोणीतरी यादीच दिली होती, ये, बस, जा, नको, शहाणा. सूनबाईने मला वाचून दाखवली, मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हसत बसली. दुपारी सी विंगमधून फोन. त्यांच्या बीगलला मराठीचा क्लास लावायचा होता, आठवड्यातून तीनदा. मी म्हटलं, मी इंग्रजी शिकवते. ती बाई म्हणाली, "वो तो उसको आता है, आंटी." संध्याकाळी सेक्रेटरींनी गेटवर बोर्ड लावला, पाटीवर रंगवून. 'या सोसायटीतील सर्व श्वान मराठी समजतात.' तो बोर्ड अजून आहे. आत्ता लिहिताना खिडकीतून दिसतोय, 'श्वान'मधला 'श्व' पावसाने अर्धा गेलाय.

बोर्ड लागल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी क्लास चालू असताना बेल वाजली. दारात शांतिभाई. हातात फरसाणचा पुडा, मागे ब्रूनो. ते आत येईनात. उंबरठ्यावरच हात जोडून म्हणाले, "काकी, इतने साल से इधर हूँ. मेरे बच्चे इधर पैदा हुए. मैं बोल लेता हूँ थोड़ा थोड़ा, दुकान पे बोलता ही हूँ. लेकिन ये तो जानवर है. इससे गलती हो जाएगी. आप ऊपर कुछ लिख के मत देना."

मी खडू खाली ठेवला. कालपासून घरात हा विनोद चालला होता आणि हा माणूस रात्री उशिरापर्यंत कुत्र्याला घेऊन बसला होता. मी म्हटलं, शांतिभाई, आत या आधी. आम्ही कुठल्या पक्षाबिक्षाच्या नाही हो. हा इंग्रजीचा अभ्यास आहे, शाळेच्या पोरांसारखा. त्यांना पटेना. फळ्यावरचा प्रश्न दाखवला, तन्वीचा कागद दाखवला, शेवटी हे बाल्कनीतून उठून आले आणि म्हणाले, "अहो, हिला वर कोणी ओळखत नाही. खाली वाणीसुद्धा ओळखत नाही." तेव्हा कुठे ते सोफ्यावर टेकले. चहा घेतला. दुसऱ्या घोटाला हसायला लागले आणि मग त्यांना हसू आवरेना, डोळे पुसत म्हणाले, "रात को ग्यारह बजे तक उसको 'शहाणा' सिखाया. वो समझा उसका नाम बदल गया." जिग्नाबेनने फरसाण फोडलं. हिराने चटणी पुढे केली आणि लगेच मागे घेतली.

या सगळ्या गडबडीत ब्रूनो बाहेर पॅसेजमध्येच राहिला होता. मी त्याला पाणी द्यावं म्हणून स्वयंपाकघरातून वाडगं घेऊन निघाले, आणि दाराशीच थांबले. बाहेर कोणीतरी बोलत होतं. हळू, पण न अडखळता.

"यू आर नॉट बॅड बॉय. यू आर गुड बॉय. पीपल आर मॅड. माय टीचर इज ऑल्सो लिटल मॅड. बट शी इज नाइस. डोन्ट बी अफ्रेड. आय अ‍ॅम ऑल्सो अफ्रेड, एव्हरी डे आय अ‍ॅम अफ्रेड, सी, नथिंग हॅपन्स."

वनिता. उकिडवी बसलेली, ब्रूनोचे दोन्ही कान हातात धरून. हिरा माझ्या मागून आली आणि तोंड उघडणार तोच मी तिच्या पायावर पाय दिला. नव्या गुडघ्याचा पाय, चांगला जोरात. पण वाडग्यातलं पाणी सांडलं, वनिताने मान वळवली, आणि झालं, गोगलगाय आत गेली. मी तिला म्हटलं, "अगं, इतकं येतंय तुला! मग माझ्यापुढे काय होतं?" तिने ब्रूनोचा दुमडलेला कान सरळ केला. मग म्हणाली, "काकू, तो हसत नाही ना. शाळेत गेटवर पोरांच्या आया उभ्या असतात, मी काही बोलले की एकमेकींकडे बघतात. हा एकटाच, याला बघायला शेजारी दुसरं कोणी नाही."

मला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली, आमचा प्रश्न बरोबर होता आणि विचारायची पद्धत चूक होती. पॅड घेऊन विचारलं की माणूस खरं सांगत नाही, जीव वाचवतो. म्हणून आम्ही पॅड घरी ठेवले. पुढचे दिवस सगळ्या जणी गार्डनमध्ये बाकांवर लसूण सोलत बसलो आणि नुसतं ऐकलं. इतका लसूण सोलला की तिन्ही विंगमध्ये वाटला. लोक हळूहळू आमच्याकडे बघायचे थांबले आणि पुन्हा आपापल्या भाषेत कुत्र्यांशी बोलायला लागले. हुकूम इंग्रजीत. शिव्या हिंदीत. आणि कुत्रा आजारी असला, जेवत नसला, की ज्याची त्याची आईची भाषा. शेरूवाला पंजाबी तर एकदा कुत्र्याच्या पायात काटा गेला तेव्हा असं काही पुटपुटत होता की शब्द कळला नाही तरी हिराने डोळे पुसले. अर्थात लसूणही होता हातात.

दुसरी गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. फक्त शांतिभाईंना, तेही दुकानात जाऊन.

मांडणी सोसायटीच्या ऑफिसमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंख्याची घरघर, टेबलावर समोसे झाकलेले. तन्वीसोबत तिच्या मोठ्या मॅडम आल्या होत्या, सिल्कची साडी, गळ्यात चष्म्याची साखळी, चेहरा असा की समोसासुद्धा सरळ बसावा. जिग्नाबेन बोलली, थेपल्यासारखं सपाट पण गोल. हिरा बोलली, एवढ्या जोरात की मॅडमनी खुर्ची मागे घेतली, बाजारात सवय. आणि मग वनिताची पाळी. निष्कर्ष तिच्याकडे होते, कारण वही तिचीच सगळ्यांत नीट. ती उभी राहिली. चार्ट तोंडासमोर धरला. माय नेम इज, म्हणाली. पंखा फिरतोय. मोठ्या मॅडमनी घड्याळ बघितलं. वनिताचा नवरा दाराशी उभा होता, रिक्षाचा खाकी शर्ट, तो आपल्या चपलांकडे बघत होता. मी उभी राहिले आणि माझ्या गुडघ्याच्या कागदाच्या इंग्रजीत म्हटलं, मॅडम, एक मिनिट, आमचं रिसर्च मटेरियल बाहेर उभं आहे, त्याला आत घेऊ का?

त्या हो म्हणाल्या. त्यांना वाटलं तक्ता वगैरे असेल. आत आला ब्रूनो. शांतिभाईंनी त्याला अंघोळ घालून गळ्यात बो बांधला होता.

वनिताने त्याला बघितलं, मला बघितलं. चार्ट खाली ठेवला. खाली फरशीवर बसली, त्याचे कान धरले, आणि सांगायला लागली. "ब्रूनो, लिसन. वी हॅड वन क्वेश्चन. फर्स्ट वी आस्क्ड पीपल. पीपल टोल्ड लाय. दे वेअर नॉट अफ्रेड ऑफ डॉग. दे वेअर अफ्रेड ऑफ पेपर." सगळी मांडणी तिने त्याला सांगितली. अडचण एकच होती. आमच्या निष्कर्षांत हुकूम होते. "मोस्टली पीपल से सिट," की ब्रूनो बसला. "दे ऑल्सो से कम," की उठला. "शेक हँड इज लेस कॉमन," ब्रूनोने पंजा दिला, तिने तो गंभीरपणे हलवला आणि पुढे गेली. टाळ्या वाजवायच्या की नाही कोणाला कळेना. मोठ्या मॅडमचा चष्मा साखळीवरून खाली लोंबत होता.

मग त्यांनी प्रश्न विचारला. व्हॉट डिड यू लर्न? वनिताने वर बघितलं आणि गोगलगाय गेलीच परत आत. ओठ मिटले. तन्वीने डोळे झाकले. आणि या बाईने, मी त्यांना त्या क्षणापासून मानते, सिल्कची साडी गोळा केली, खुर्चीवरून उठल्या, कण्हत कण्हत खाली बसल्या आणि कुत्र्याला विचारलं, "ब्रूनो, प्लीज आस्क हर, व्हॉट डिड शी लर्न?"

ब्रूनोने वनिताकडे बघितलं. खरंच बघितलं.

"ब्रूनो, टेल मॅडम," ती म्हणाली, "आय लर्न्ड, इंग्लिश इज नॉट डिफिकल्ट. पीपल आर डिफिकल्ट."

दोघी कितीतरी वेळ त्याच्यामार्फत बोलत होत्या. घरचं, शाळेचं, महाडचं. मध्येच ब्रूनोला झोप लागली तरी चालूच. नंतर समोसे खाताना तन्वी हळूच म्हणाली, पण नियमात सगळ्यांसमोर बोलायचं असं आहे. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "सगळे समोरच होते ना? बघायचं कोणाकडे ते कुठे लिहिलंय?" सर्टिफिकेट मिळालं. वनिताच्या नवऱ्याने ब्रूनोला आपला समोसा दिला.

जुलैमध्ये मी फिजिओकडे जाताना मुद्दाम तिच्या शाळेवरून गेले. गेटवर आया उभ्या होत्या, छत्र्या घेऊन. त्यांतली एक वनिताला फाडफाड इंग्रजीत डब्याबद्दल काहीतरी विचारत होती. वनिताने तिच्याकडे बघितलंच नाही. ती उकिडवी बसली, त्या बाईच्या पोराचे दोन्ही हात धरले आणि पोराला सगळं उत्तर दिलं, व्यवस्थित, इंग्रजीत, की आज भेंडी का उरली. आई मुकाट्याने ऐकत होती. मग वनिता उठली, टाळी वाजवली. "कम! लाइन! नो पुशिंग! गुड बॉय, गुड गर्ल!" स्वर मी ओळखला. गार्डनमधला. पोरं एका रांगेत आत गेली. एक आई दुसरीला म्हणाली, "काय शिस्त आहे ना! ट्रेनिंग घेतलेलं दिसतंय." मी तोंडावर पदर धरला.

तेवढ्यात तिने मला बघितलं. गेटपर्यंत आली. आयांच्या घोळक्यासमोर, माझ्या डोळ्यांत सरळ डोळे घालून, पाठीमागच्या बाकाकडे बोट केलं.

"टीचर. सिट. आय विल ब्रिंग टी."

आणि मी बसले.